कधीपासून

मंगळवार, रात्री उशिरा

रविवारी गॅसचं पुस्तक शोधायला फाइल काढली आणि हाताला भलतंच लागलं. 2022 मध्ये ऑफिसनं केलेल्या हेल्थ चेकअपचा रिपोर्ट. टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावलं की रक्तात वाढतं ते, 5.8, शेजारी ठळक अक्षरात 'एच', म्हणजे हाय. त्याच पानावर जरा वर कोलेस्टेरॉलच्या आकड्याभोवती निळ्या पेनानं केलेला गोल, आणि समासात त्या डॉक्टरांच्या अक्षरात : तूप-लोणी बंद, रोज चालणे.

गोल वरच्या ओळीला आहे. खालच्या ओळीला काही नाही.

तेव्हापासून मनात एकच चाललंय. म्हणजे तेव्हाही होतं. मग कधीपासून होतं?

थायरॉइड मंदावलं की रक्तातलं कोलेस्टेरॉल निघून जायचा वेगही मंदावतो, म्हणून ते साचत जातं. हे मला माझ्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. आता ते पान समोर ठेवून वाचलं तर वरची ओळ आणि खालची ओळ कदाचित एकच गोष्ट सांगत होत्या. आणि मी तूप सोडलं. आईनं वाईहून पाठवलेली लोणकढ्या तुपाची बरणी तशीच परत पाठवली, तर तिला वाटलं मी रागावलेय. पुरणपोळी कोरडी खाल्ली. संध्याकाळी ठाण्याला उतरून तलावपाळीला फेऱ्या मारल्या, पाय ओढत. ते ओढणं कशामुळे होतं ते कोणी विचारलं नाही.

न्हाणीघराच्या जाळीत केसांचे पुंजके. मे महिन्यात ऑफिसात खांद्यावर शाल. टाचांना भेगा. पाळी लांबली की दरवेळी पोटात उठणारी ती आशा, आणि मग ते. प्रत्येकाला एकेक उत्तर मिळत गेलं. लोकलची दगदग. एसी. पाणी कमी पितेस. टेन्शन घेऊ नकोस, आपोआप राहील. आम्ही चान्स घेतोय हे ज्यांना सांगितलं त्यांनीही हेच सांगितलं आणि ज्यांना नाही सांगितलं त्यांनीही.

गेल्या दिवाळीनंतर मॅडमकडे गेलो तेव्हा कुठे आकडा कळला, नऊच्या वर. अँटी-टीपीओ, म्हणजे स्वतःच्याच थायरॉइडवर उलटणाऱ्या अँटीबॉडी, पॉझिटिव्ह. प्रोलॅक्टिन नावाचं दुसरं हॉर्मोनही थोडं वाढलेलं, ते थायरॉइडमुळेच असावं म्हणाल्या, त्यानं बीज सुटायला अडथळा येतो. 50 मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. पुढच्या रिपोर्टमध्ये आकडा लॅबच्या 'नॉर्मल'मध्ये बसला आणि घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी सोडून. कारण मूल हवं असलेल्या बाईसाठी मॅडमना तो 2.5 च्या खाली हवाय, आणि माझा अजून 3.1 वर अडलाय.

आज तो जुना कागद पर्समध्ये घालून गेले. मॅडमनी चष्मा वर करून वाचला. मला वाटलं होतं त्या चिडतील. "कोणी पाहिलं हे?" असं काहीतरी म्हणतील. तसं झालं नाही. म्हणाल्या, "बघायला हवं होतं, पुन्हा तपासायला हवं होतं, हे खरंय. पण 5.8 असताना कितीतरी जणींना दिवस राहतात गं. तेव्हा गोळी घेतली असतीस तर राहिले असते का, हे मी छातीठोकपणे नाही सांगू शकत." आणि 75 ची गोळी लिहून दिली. सहा आठवड्यांनी परत रक्त.

दर वेळी सहा आठवडे. गोळीतलं हॉर्मोन रक्तातून हळू जातं, निम्मं व्हायलाच आठवडाभर लागतो, त्यामुळे नवा डोस स्थिरावायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. समजतं मला सगळं. लवकर तपासून उपयोग नाही हेही समजतं. पण ज्या बाईची तीन-चार वर्षं आधीच कोणीतरी पेनाच्या एका गोलाबाहेर ठेवली, तिला आणखी थांब म्हणताना...

रिक्षात रडले. नवऱ्यानं काही विचारलं नाही, हात धरून बसला.

मॅडम चिडल्या नाहीत याचाच मला राग येतोय. त्या चिडल्या असत्या तर कळलं असतं की चूक त्या कागदाची आहे. मला कोणीतरी दोषी हवाय. आज दिवसभर हेच घोळतंय. तो कागद दोषी असेल तर सगळं सोपं आहे, गोळी वाढवायची, आकडा उतरवायचा, आणि मूल. आणि नसेल दोषी, तर मग कारण दुसरीकडे कुठेतरी आहे आणि मला ते दिसतही नाहीये. कदाचित कारणच नसेल. या शेवटच्या वाक्यापाशी आले की मी पुन्हा त्या 5.8 कडे धावते.

घरातही तेच झालंय. परवा सासूबाई फोनवर मावशींना सांगत होत्या, "थायरॉइड आहे ना तिला, गोळ्या चालू आहेत, होईल." त्यात टोमणा नव्हता, उलट मावशींचं तोंड बंद करायला बोलल्या त्या. मी उपाशीपोटी गोळी घेतल्यावर तासभर चहा नको म्हणून स्वतःचा चहाही थांबवून ठेवतात. रात्री कॅल्शियमची गोळी काढून देतात, सकाळच्या गोळीजवळ ती येऊ नये म्हणून. पण 'थायरॉइड आहे ना तिला' म्हटलं की प्रश्न मिटतो. सगळ्यांचाच. माझाही मिटला होता.

झोप येईना म्हणून मघाशी वाचत बसले. माझ्या या अँटीबॉडीवाल्या आजाराला हाशिमोतो म्हणतात, जपानमधल्या डॉक्टरचं नाव. 1912 साली त्यांनी चार रुग्णांच्या कापून काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हे पहिल्यांदा लिहून ठेवलं. चारही बायका. त्यांची नावं कुठे दिसली नाहीत. त्यांना कधीपासून होतं, कोण सांगणार? कोणाच्या हातात आकडा नव्हता, 'एच' नव्हता. गळा सुजेपर्यंत त्याही म्हणत असतील, थकवा आहे, वय झालं. मला त्यांच्याबद्दल फार वाटलं. आणि का कोण जाणे, हातातला कागद जरा हलका झाला. सुरुवात कुठे झाली ते मला कळणार नाही. त्यांनाही कळलं नसणार.

निघताना मॅडम एक बोलल्या होत्या, ते आत्ता आठवतंय. "पाळी चुकली की टेस्ट कर, आणि पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी मला फोन. पुढच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. डोस लगेच वाढवावा लागतो." पहिले तीन महिने बाळाची स्वतःची ग्रंथी कामाला लागलेली नसते, मेंदू घडायला लागणारं हॉर्मोन ते आईकडूनच घेतं. त्या 'आली तर' म्हणाल्या नाहीत. 'आली की' म्हणाल्या. तेव्हा मी रडायच्या तयारीत होते, नीट ऐकलंच नाही.

त्यांनी आज त्याचीही तपासणी पुन्हा लिहून दिली आहे. पहिल्या भेटीतही लिहिली होती, दोघांची एकदमच करायची असते. पण माझा आकडा कळल्यावर ती चिठ्ठी मागे राहिली, आधी थायरॉइड उतरू दे असं सगळ्यांचंच ठरलं. जेवताना मी तो विषय काढणार नव्हते. त्यानंच काढला. लॅबला फोन करून झालाय म्हणाला, शनिवारी सकाळी सव्वाआठ. मग ताटात बघत म्हणाला, "माझ्यात काही निघालं तर?"

मी म्हटलं, तर गोळी घ्यायची, नाहीतर जे सांगतील ते. तो हसला नाही, पण जेवला नीट. शनिवारी मीही जाणार आहे. सासूबाईंना सांगायचंय दोघंही जातोय म्हणून, आणि कशासाठी ते तोच सांगणार आहे.