मागं दाबलं की पुढं उचलतं

बेळगावच्या उद्यमबागेत फायबरचं काम करणाऱ्या माझ्यासारख्याची गिऱ्हाइकं ठरलेली असतात. ट्रॅक्टरचं बॉनेट, मशीनचं कव्हर, बसचा बंपर. त्यामुळं एका फाउंड्रीवाल्यांचा पोरगा ट्रेलरवर ती बुटकी, बिनछताची गाडी घालून शेडसमोर थांबला, तेव्हा शेजारचे लेथवालेसुद्धा चिंध्यांना हात पुसत बाहेर आले.

"काका, हिला मागं मोठी विंग पाहिजे. रस्त्यावर पण चालली पाहिजे, ट्रॅकवर पण."

विंग म्हणजे गाडीच्या मागं आडवा लावलेला उलटा पंख, वेगात हवा त्याला खाली दाबते आणि टायर रस्त्याला धरतात. गाडी लोटस सेव्हनच्या घाटाची. इंग्लंडच्या लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमनचं १९५७ सालचं हे डिझाइन. १९७३ मध्ये त्याचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले आणि आजही इंग्लंडात लोक सुटे भाग मागवून घरच्या गॅरेजमध्ये ती जोडतात. ह्या पोरानं भाग मागवले नव्हते. चौकोनी पाइपची चासी त्यानं स्वतः वेल्ड केलेली, इंजिन आणि गिअरबॉक्स भंगारातल्या मारुती जिप्सीचा. वाकून वेल्डिंग बघितलं. सगळीकडे एकसारखी लाट, कुठं भोक नाही, कुठं गोळा नाही. पोरगं कामाचं आहे हे तिथंच कळलं. ड्रायव्हरसकट वजन ६०० किलोच्या आसपास.

रस्त्याचं मी आधीच स्पष्ट सांगितलं. कंपनीच्या गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल करायचा म्हटला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. घरी बनवलेल्या गाडीला तर मुळात पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडनं चाचणी करून घ्यावी लागते. केए-२२ ची, म्हणजे बेळगावच्या नंबराची, पाटी लागेपर्यंत ही ट्रेलरवरच. त्याला ते माहीत होतं. पण डोक्यात चोर्ला घाटातनं गोव्याला जायचं स्वप्न बसलेलं, ते कोण काढणार? तोपर्यंत कोइमतूरच्या कारी ट्रॅकवर पळवायची, असं ठरलेलं.

पुण्यात असताना रेसच्या गाड्यांच्या बॉडी मी केल्यात. तेव्हापासून एक सवय लागलीय. गिऱ्हाईक विंग म्हणालं की लगेच मोल्डाकडं जायचं नाही, आधी पुठ्ठा आणि पेन्सिल घ्यायची.

हवेचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. त्याला पाहिजे होती ती विंग १.४ मीटर लांब, २५ सेंटिमीटर रुंद. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर, म्हणजे इथली हवा समुद्रकाठापेक्षा थोडी विरळच. ते धरून, विंग स्वच्छ हवेत असली तर ताशी १०० किलोमीटरला साधारण १८ किलो दाबणार. १५० ला ४० किलो. आणि ५० ला जेमतेम साडेचार. विंग, तिच्या टोकांच्या उभ्या प्लेटा, ब्रॅकेट मिळून वजन मात्र आठ-नऊ किलो. म्हणजे ७० च्या खाली ती जेवढं दाबते त्यापेक्षा जास्त ओझं आपण नुसतं वाहून नेणार. रेल्वेच्या पहिल्या गेटला फाटक पडल्यावर लोकांनी बघायला ठीक आहे.

"चालेल की," पोरगं म्हणालं. "ट्रॅकवर तर ४० किलो मिळतील."

मग त्याला खरी गोम दाखवली. विंग बसणार मागच्या चाकांच्या ४५ सेंटिमीटर मागं. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.२५ मीटर. मागच्या टोकाला ४० किलो दाबले की तरफेच्या हिशेबानं पुढच्या चाकांवरचे ८ किलो उचलले जातात. शिवाय विंग उंचावर, तिला हवेचा मागं रेटा बसणार, तो आणखी चारेक किलो पुढून काढणार. एकूण १२ किलो गेले, आणि तेसुद्धा वेगात वळताना, जिथं पुढच्या टायरची सगळ्यात जास्त गरज. उसाची गाडी मागं जास्त भरली की उलाळ होते, बैलांच्या मानेवरचं जू वर उठतं. हे तसंच.

त्याला पटलं नाही. इंटरनेटवरच्या सगळ्या फोटोंत विंग होती ना. मी म्हटलं, मग मोजून बघू.

मे महिन्यात साखर कारखान्यांचे ऊस यार्ड मोकळे असतात. ओळखीतनं एका कारखान्याची परवानगी मिळाली. सरळ काँक्रीटचा रस्ता, शेवटी थांबायला भरपूर जागा, गेटवर वॉचमन. विंग प्लायवूड आणि अॅल्युमिनियम पत्र्याची कच्ची करून नेली होती. सोबत शनिवार खुटावरून घेतलेली काळी लोकर. चार-चार इंचांचे तुकडे करून आमच्या फिटरनं बॉनेटवर, मडगार्डांवर आणि विंगच्या वरखाली ओळीनं चिकटवले. फायबरच्या वरच्या पांढऱ्या थरावर काळा धागा लांबूनसुद्धा दिसतो. हवा सरळ वाहत असली तर धागा सरळ लोळतो, हवा पृष्ठभागापासून सुटली की फडफडतो, भोवरा असला तर उलटा फिरतो. विंड टनेल नसलेल्यांचा हा विंड टनेल. पुढच्या सस्पेन्शनशेजारी चासीला स्टीलची पट्टी लावली, चाक धरणाऱ्या विशबोन आर्मवर एक खूण केली, आणि समोर मोबाइल बांधला. ठरलेल्या वेगाला गाडीचं नाक किती वर-खाली झालं ते व्हिडिओत वाचता येतं.

पहिल्यांदा विंगशिवाय पळवली. १०० ला वेग स्थिर धरल्यावर नाक चार मिलिमीटर वर. त्या स्प्रिंगांच्या हिशेबानं हे पुढच्या चाकांवरचे सोळा-एक किलो. म्हणजे विंग लावायच्या आधीच गाडी पुढून उचलत होती! वारा पश्चिमेचा होता, म्हणून परतीच्या दिशेनंही तेच मोजलं आणि दोन्हीची सरासरी धरली.

उचलणारा गुन्हेगार समोरच होता. लांब, खाली उतरत आलेले पुढचे मडगार्ड. दिसायला सुंदर, जुन्या गाड्यांचा रुबाब आहे त्यांना. पण वरून हवा पळते आणि खाली मडगार्डाच्या पोटात कोंडते. कोंडलेली हवा वर ढकलते.

मग विंग लावली. नाक साडेचारच्या पुढं सरकलं. पुठ्ठ्यावरच्या हिशेबापेक्षा कमी, असं का? उत्तर मागच्या कॅमेऱ्यानं दिलं. बोनेटवर बसून व्हिडिओ बघताना फिटर ओरडला, "मालक, मधली लोकर उलटी पळूलालीय की!"

खरंच. विंगच्या दोन्ही टोकांचे धागे शिस्तीत सरळ. मधल्या अर्ध्या भागात, विशेषतः खालच्या बाजूला, नुसता गोंधळ. काही धागे चक्क पुढं तोंड करून. विंगचं खरं काम खालच्याच बाजूनं होतं, तिथली हवा वेगानं चिकटून पळाली तर ओढ निर्माण होते. इथं समोर उभी काच, तिच्यामागं ड्रायव्हरचं हेल्मेट, मग रोल बार. त्या सगळ्यांनी ढवळलेली हवा विंगला मिळत होती. १.४ मीटरची विंग, पण कामाला लागलेली निम्मीच. रेटा मात्र पूर्ण विंगचा.

पोरगं गप्प झालं. व्हिडिओ पुन्हापुन्हा मागं नेऊन बघत होतं. मी म्हटलं, "आता विंग काढ. आधी उचलणारं कमी करू, दाबणारं नंतर."

लांब मडगार्ड काढून चाकाबरोबर वळणारे, चाकाला घट्ट लागून असलेले छोटे मडगार्ड बसवले, मोटरसायकलीला असतात तसले. हे मी आदल्या आठवड्यात पातळ फायबर मॅटचे करून ठेवले होते, त्याला न सांगता. उभी काच काढून बुटकी काच. शेजारच्या सीटच्या खड्ड्यावर ताडपत्रीचं झाकण. एवढ्यानं नाक चारावरून दीडवर आलं. शिवाय, न्यूट्रल करून १०० वरून ८० वर यायला गाडीला आधीपेक्षा ठळकपणे जास्त वेळ लागायला लागला, म्हणजे हवेचा अडथळाही कमी झाला. पैसे किती गेले? मडगार्डाचं रेझिन आणि ताडपत्री.

शेवटी नाकाखाली १२ मिलिमीटर प्लायचा स्प्लिटर, म्हणजे पुढं निघालेली आडवी फळी. वर अडलेली हवा दाबते, खालून निसटणारी ओढते. आणि हे सगळं पुढच्या चाकांपाशी, म्हणजे जिथं हवं तिथं. नाक पहिल्यांदाच शून्याच्या खाली गेलं, मिलिमीटरभर. त्याचे स्टे, म्हणजे आधाराच्या सळ्या, चासीला बांधले होते, बॉडीला नाही. फायबरच्या बॉडीला कसलाही हवेचा जोर बांधायचा नाही. वेगात एक दिवस बॉडीच सुटून येते. स्टे पक्के आहेत का हे बघायला फिटरला स्प्लिटरवर उभं केलं. सत्तर किलोचा माणूस, तरी हलला नाही.

चारच्या सुमाराला वळीव आला आणि आम्ही सामान आवरलं.

परत येताना ट्रकमध्ये पोरानं विचारलंच, "मग विंग नाहीच?"

नाही असं मी कधी म्हटलं नव्हतं. पहिल्या वेळी कोइमतूरला विंगशिवाय जा, गाडी काय सांगते बघ, एवढंच म्हणालो. विंगसाठी चासीला नट मात्र आत्ताच वेल्ड करून घे. स्प्लिटर चार बोल्टवर सुटा ठेवला. पाटी लागली तर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर तो पहिल्या दिवशीच सोलून निघेल, रस्त्यावर काढूनच ठेवायचा. लांब मडगार्ड त्याच्या वडलांना फार आवडले होते, तेही त्याच भोकांना बसतील असे ठेवले. चोर्ल्याला जाताना लाव म्हटलं, ६०-७० ला काही बिघडत नाही, आणि पावसात चिखल कमी उडतो.

कारीवरून त्याचा फोन आला तेव्हा मागं इंजिनांचा एवढा आवाज की अर्धं ऐकूच आलं नाही. पुढची चाकं आता धरतात, म्हणाला, पण वेगाच्या वळणाला मागची बाजू सरकते.

"म्हणजे आता विंग लागली," मी म्हणालो. "पण १.४ ची नको. १.१ ची करू, हेल्मेटच्या वर स्वच्छ हवेत जाईल एवढी उंच, आणि आधीपेक्षा २० सेंटिमीटर पुढं. मागच्या कडेला दहा मिलिमीटरची एल-पट्टी."

पट्टीचं त्याला नवल वाटलं. अमेरिकन रेसर डॅन गर्नीनं १९७१ मध्ये अशीच पट्टी रेसच्या गाडीच्या विंगला लावली होती, तेव्हापासून तिला त्याचंच नाव. स्क्रूवरची असली की काढता-घालता येते, मागचं दाबणं ट्रॅकवर उभ्या उभ्या कमी-जास्त करता येतं. ते सांगून झाल्यावर मी रेट सांगितला.

"काका, थोडं कमी करा की."

"निम्मे ॲडव्हान्स पाठव. मोल्ड सोमवारी लावतो."