चिंगीने बेदाणे खाल्ले तेव्हा

मार्चमध्ये कासेगावच्या मावशीने नवा बेदाणा पाठवला. आई परात मांडीशी घेऊन देठ काढत बसली होती. शेजारी आमची कुत्री चिंगी. मधूनच एखादा दाणा तिलाही मिळत होता. दारात कुणी आलं म्हणून आई उठली आणि परत येईतो परातीची एक बाजू साफ! मोठी मूठभर तरी गेले असतील. चिंगी गावठी, वजन १४ किलो.

"सुकामेवाच आहे की, पौष्टिक," आई म्हणाली. पोट बिघडलं तर काय द्यावं, एवढंच विचारायला मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी विचारलं, "किती वेळ झाला?" मग, "लगेच आणा." शेजारच्या काकू मिठाचं पाणी पाजा म्हणत होत्या. डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं. मीठ जास्त झालं तर त्यानेच कुत्रं दगावतं.

जुळे सोलापुरातून रिक्षाने दवाखान्यात पोचायला चाळीस मिनिटं लागली. इंजेक्शन दिल्यावर थोड्याच वेळात चिंगीला उलटी झाली. ट्रेमध्ये बेदाणे अख्खेच होते, पाणी पिऊन टम्म फुगलेले, जवळजवळ पुन्हा द्राक्षं झालेले. आई वाकून मोजत होती. एकतीस. मोजता मोजता तिचा आवाज बसला.

"पण डॉक्टर, मी द्राक्षाच्या गावात वाढले. बागेत कुत्री हिंडतातच की."

डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, काहींची थोड्या दाण्यांनीही किडनी बंद पडते आणि आपलं कुत्रं कुठलं, हे आधी कळत नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी यामागचं कारण म्हणून द्राक्षातल्या टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे, पिकण्याप्रमाणे ते कमी-जास्त असतं. चिंचेतही असतं. आमच्या आमटीत चिंच रोज!

मग पोटात विष शोषणारा औषधी कोळसा आणि दोन दिवस सलाईन. खरा कठीण गेला तो दुसरा दिवस. चिंगी खेळायला लागली, सलाईनची नळी ओढू लागली. मला वाटलं, झालं, नेऊ या घरी. डॉक्टर थांबा म्हणाले, कारण किडनीचं नुकसान रक्तात दिसायला २४ ते ७२ तास लागतात. किडनीचं काम बिघडलं की रक्तात वाढणारं क्रिएटिनिन तीनदा तपासलं. तिन्ही वेळा नॉर्मल. तिसरा रिपोर्ट हातात आल्यावर आई तिथल्या बाकावरच रडली.

निघताना मी घरातलं एकेक विचारून घेतलं. शेंगाचटणीवर मी अडखळलो. चिंगीच्या भाकरीला रोज चटणीचं बोट लागायचं, आणि आमच्या चटणीत लसूण भरपूर. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, रक्त कमी होतं, आणि ते काही दिवसांनी दिसतं. रोजचं थोडं थोडंही साठत जातं. शेंगदाणे नुसते, बिनमिठाचे चार दिले तर चालतात. चॉकलेट नको हे माहीत होतं. बाबांच्या शुगर-फ्री च्युइंगगममधलं झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घातलेला गोड पदार्थ, कुत्र्याच्या रक्तातली साखर तासाभरात धोकादायक खाली आणतं, हे माहीत नव्हतं. डबी उशाशी असायची, ती आता कपाटात.

भात, उकडलेलं अंडं, गाजर, शिजवलेला लाल भोपळा चालतो. ज्वारीची भाकरीही, कोरी. ती तव्यावरून उतरली की आई पहिला चतकोर बाजूला काढते, चटणीच्या भांड्याला हात लागायच्या आत.