सगळ्यांना सारखंच लांब

मुंबईच्या हाजी अली दर्ग्यातल्या फोटोंची ती असाइनमेंट माझ्याकडे आली ती मी बाई असल्यामुळेच. एरवी उलटं व्हायचं. मजारीच्या, म्हणजे कबरीच्या दालनात बायकांना मज्जाव, त्यामुळे आतला फोटो हवा असला की पुरुष सहकाऱ्याला पिटाळायचे. २०१२ मध्ये ही आडकाठी उभी राहिली. त्याआधी बायका सर्रास आत जात होत्या, पण लोक ‘पूर्वापार चालत आलंय’ म्हणून मोकळे व्हायचे.

२९ नोव्हेंबर २०१६, मंगळवार. नोटबंदीचे दिवस. समुद्रातल्या त्या वाटेवर फुलवाला पाचशेची नोट दिसली की लांबूनच हात जोडत होता. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या बायका चादर, फुलं घेऊन निघाल्या होत्या. कुणी बुरख्यात, कुणी सलवार-कमीजवर ओढणी घेतलेली. संघटनेच्या नूरजहाँ सफिया नियाज आणि झकिया सोमण यांनी २०१४ मध्ये याचिका केली होती. २०१६च्या २६ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ही बंदी घटनेच्या कलम १४, १५ आणि २५ च्या विरोधात ठरवली. दर्ग्याचा ट्रस्ट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि शेवटी तिथे प्रवेश द्यायला कबूल झाला.

मला त्या निकालातला एक मजकूर राहून राहून आठवत होता. बंदीसाठी ट्रस्टने जी कारणं दिली होती त्यातलं एक असं, की मोठ्या गळ्याचे ब्लाउज घातलेल्या बायका मजारीवर वाकल्या की छाती दिसते. आणि माझ्यापुढे चालणारी बाई तर पायाच्या बोटांपर्यंत काळ्या कापडात! तिला इतकी वर्षं कुठल्या गळ्यासाठी अडवलं? अंग नीट झाकलंस तर कुठेही जाशील, असं पोरींना लहानपणापासून ऐकवतात. इथे झाकून आलेलीलाही दार बंदच होतं. म्हणजे भांडण कापडाशी नव्हतंच.

आत गेल्यावर नवी व्यवस्था दिसली आणि मला हसू आवरेना. बायकांना पुरुषांसारखाच प्रवेश द्या, असं कोर्टाचं म्हणणं. ट्रस्टने ते अक्षरशः पाळलं: पुरुषांनाही मजारीपासून सुमारे दोन मीटरवर थांबवलं. हात लावणं, माथा टेकणं सगळ्यांचंच बंद. बायकांना जवळ आणण्यापेक्षा पुरुषांना मागे सारणं सोपं वाटलं असावं.

माझ्या शेजारी एक म्हातारी कठड्याला रेलून उभी होती. संघटनेतली नव्हती, दर्शनाला आली होती. बुरख्याची बाही कोपरापर्यंत सरकलेली, हातात गुलाबाच्या पाकळ्यांचा चुरगळलेला द्रोण. पलीकडे एक चाळिशीतले गृहस्थ कुरकुरत होते, “इन औरतों के चक्कर में हमारा भी गया.”

म्हातारीने मान वळवली नाही. “आदत हो जाएगी, बेटा. हमको भी हो गई थी.”

मी त्या गृहस्थांचे चारपाच फोटो काढले. दोन्ही हात कठड्यावर, टाचा उचललेल्या, मान मजारीकडे ताणलेली. बंदी म्हणजे काय हे एका फ्रेममध्ये कधी नव्हे ते सापडलं होतं.

संध्याकाळी डेस्कवरून फोन आला. “हे बुवा कोण? बुरखेवाल्या बायकांचा क्लोजअप नाही का?” होता. तोच लागला.