अथेन्स मॅरेथॉन: दहाव्या किलोमीटरपासून एकतिसाव्यापर्यंत चढ

अथेन्सला लॉटरी नसते. एवढं एक वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर माझे बरेच पैसे वाचले असते. लंडन-बर्लिनसाठी सोडतीत नाव लागावं लागतं, म्हणून इथेही तसंच असेल असं मी धरून चालले. एका एजंटाने 'खात्रीची एन्ट्री' म्हणत पॅकेज गळ्यात मारलं. खरं तर अधिकृत साइटवर नोंदणी उघडते आणि जो आधी येईल त्याला जागा मिळते. आधीच्या मॅरेथॉनची ठरावीक वेळ वगैरे अट नाही. जागा भरल्या की नोंदणी बंद. दहा मिनिटांच्या फॉर्मसाठी मी फीच्या कितीतरी पट पैसे मोजले, वर त्याने माझ्या आडनावाचं स्पेलिंग चुकवलं. बिब, म्हणजे छातीवर लावायचा धावपटूचा क्रमांक, स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून, आदल्या दिवसांत एक्स्पोमध्येच (शर्यतीच्या प्रदर्शनात) घ्यावा लागतो. तिथे माझा तास गेला. फॉर्म स्वतःच भरा, पासपोर्ट समोर ठेवून.

शर्यत नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी असते. ग्रीससाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणजे मेच्या मध्यापासून अपॉइंटमेंट शोधायला लागा. 30,000 युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. एन्ट्रीचं पत्र जरूर जोडा, पण त्याच्या भरवशावर विमानाचं परत न होणारं तिकीट काढू नका.

आता चढ. ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी 'थोडासा चढ आहे' असंच सांगितलं. हे चूक आहे आणि यामुळे माणसं मोडतात. मी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन केली आहे, मुंबईत पेडर रोडही चढले आहे. पेडर रोड इथल्या मानाने काहीच नाही. साताऱ्यात यवतेश्वराचा घाट चढलात की तोंड उताराकडे वळतं. इथे पहिले दहा किलोमीटर जवळजवळ सपाट, त्यातच मॅरेथॉनच्या लढाईत पडलेल्या 192 अथेन्सवासी योद्ध्यांच्या समाधीला वळसा. लोक हातात जैतुनाच्या डहाळ्या देतात, 'ब्राव्हो, ब्राव्हो' ओरडतात, आणि पाय आपोआप पळायला लागतात. तिथेच चूक होते. मी ठरवलेल्या वेगापेक्षा किलोमीटरमागे वीस सेकंद पुढे होते आणि ते सगळं वाटेतल्या पिकेर्मी गावानंतर वसूल झालं. मध्ये थोडा उतार येतो, वाटतं संपलं, आणि रस्ता पुन्हा वर जातो. पुढचं पालिनी गाव गेलं तरी चढच. स्ताव्रोसच्या आसपास, एकतिसाव्या किलोमीटरला, तो खरोखर संपतो. रस्ता चार पदरी, रुंद, सावली नाही. नोव्हेंबर असूनही ऊन लागलं.

मग उतार, आणि तो चढापेक्षा वाईट. दमलेल्या मांड्यांवर अकरा किलोमीटर खाली पळायचं. छत्तिसाव्याला माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. पुण्यात राहणाऱ्यांनी बोपदेव घाट नुसता चढून गाडीने परत येऊ नये. लाँग रनच्या शेवटी, पाय थकलेले असताना, तो उतरायचा सराव करा. माझ्या तयारीत नेमकं हेच राहिलं. इथे वैयक्तिक सर्वोत्तम वेळेची आशा नको. मी सपाट मॅरेथॉनपेक्षा चाळीस मिनिटं जास्त घेतली. वेळेची मर्यादा मात्र आठ तासांची आहे, त्यामुळे चालत चढलात तरी पोचाल.

सकाळची बस चुकवू नका. शर्यत सुटते त्या मॅरेथॉन गावाला अथेन्सहून बिब दाखवून फुकट नेतात, पण पहाटे. तिथे नऊपर्यंत थंडीत बसावं लागतं, म्हणून टाकून देता येईल असा जुना स्वेटर न्या. विमानतळावरून शहरात यायला मेट्रो पकडा, सिंटाग्मा या मधल्या चौकात थेट येते.



शेवटचा रस्ता, इरोडू अत्तिकू, खाली उतरतो आणि एकदम समोर पानाथेनाईक स्टेडियम येतं. पांढरं, सगळंच्या सगळं संगमरवरी. 1896 च्या पहिल्या आधुनिक ऑलिम्पिकमध्ये ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस मॅरेथॉनमध्ये इथेच पहिला आला होता. मी आत शिरले आणि मोठ्याने रडले. घरचे बरोबर असतील तर त्यांना मॅरेथॉन गावाला नेऊ नका, इथे पायऱ्यांवर लवकर बसवा. माझा भाऊ उजवीकडच्या रांगेत उभा राहून माझं नाव ओरडत होता, ते मला पार शेवटच्या वळणापासून ऐकू येत होतं.