तुम्ही विचारलंत म्हणून: सम चुकली आणि भजन रंगलं

व्हिडिओ गेममधली कला चांगली की वाईट हे मोजून सांगता येतं, की ज्याची त्याची आवड? प्रश्न नेहमीचा आहे. गोव्यात भजन स्पर्धेला बसलेल्या माणसाला त्याचं अर्धं उत्तर ठाऊक असतं. पखवाजाची सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, चुकली तर मागच्या रांगेतल्या आजोबांनाही कळतं, तिथे मतभेद नाही. भजन रंगलं का, यावर मात्र घरी पोचेपर्यंत वाद चालतो. आणि तो वादही हवेतला नसतो. गजर लवकर आटोपला, अभंगातला शब्द तानेखाली चिरडला, असं बोट ठेवून बोलतात लोक.

गेमची सम म्हणजे बटण दाबल्यावर पात्र किती वेळाने हलतं ते. ती तपासायची तर मोबाइलचा स्लो-मोशन कॅमेरा सेकंदाला २४० फ्रेमवर, म्हणजे २४० चित्रांवर लावा. अंगठा आणि पडदा दोन्ही दिसतील असा धरा आणि पात्राच्या दहा उड्या टिपा. बटण दबलं ती फ्रेम आणि पात्र हललं ती फ्रेम, यांच्यामधल्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे ४.१७ मिलिसेकंद, म्हणजे २४ भरल्या तर १०० मिलिसेकंद. सरासरी घ्यायचीच, कारण गेम बटणाकडे ठरावीक क्षणांनीच बघतो आणि तुमचा अंगठा त्या क्षणांच्या मध्ये कुठेही पडतो. त्याआधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. नाहीतर चित्र गुळगुळीत करण्यात टीव्ही वेळ खातो आणि बोल लागतो गेमला. पात्र उडीआधी गुडघे वाकवत असेल तर तो उशीर वेगळा धरा. अंगाचं वजन दाखवायला तो मुद्दाम ठेवलेला असतो.

दुसरी चाचणी फुकटची. ऐन लढाईतला स्क्रीनशॉट काढा आणि कृष्णधवल करा. शत्रू भिंतीत विरघळला तर समजा, चित्रकाराने सगळी भिस्त रंगावर ठेवली, उजेड-अंधाराचं पाहिलंच नाही. आपल्या देवळांवरची कावी आठवा: तांबडा थर ओरखडून खालचा पांढरा चुना उघडा करायचा, बस्स. दोनच रंग, पण आकृती अंगणातून ओळखू येते.

आता गंमत अशी की आकडा हातात आला म्हणजे निवाडा झाला असं नाही. २०१८ च्या 'सेलेस्ट' या गेममध्ये कड्यावरून पाय सुटल्यावरही सेकंदाचा दहावा भाग उडी मान्य होते. पदार्थविज्ञानाच्या हिशोबाने ही सरळ लबाडी. पण बोट वेळेवरच पडलं होतं अशी खेळणाऱ्याची खात्री असते, आणि गेम ती खात्री राखतो. आकडा कशासाठी ठेवलाय ते कळल्याशिवाय तो मुका.

'पेपर्स, प्लीज' (२०१३) तर सोयीच्या सगळ्या कसोट्यांवर नापास व्हावा. खेळणाऱ्याला काम सीमेवर कागदपत्रं तपासणाऱ्या कारकुनाचं. टेबल इतकं चिंचोळं की पासपोर्टवर परवाना आणि परवान्यावर ओळखपत्र चढतं. दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना नुसती ताकीद, तिसरीपासून दंड, आणि उरलेल्या पैशांत घरभाडं, अन्न, ऊब. टेबल ऐसपैस केलं असतं तर माणसाकडे न बघता शिक्का मारण्याची घाई आलीच नसती. टेबल चिंचोळं आहे आणि त्यातून घाई येते, हे कुणालाही दाखवून देता येतं. ती घाई किती झोंबते, हे ज्याचं त्याचं. पोर्तुगीज पासपोर्टसाठी आजोबांच्या जन्मदाखल्यातलं एक अक्षर दुरुस्त करायला वर्षभर फिरलेल्या घरात हा गेम जितका झोंबेल, तितका इतरत्र झोंबणार नाही. आवडीचा प्रांत आमच्या मते इथे सुरू होतो, त्याआधी नाही. 'शेवटी ज्याची त्याची आवड' हे वाक्य पहिल्या पाच मिनिटांतच टाकणाऱ्याने बहुधा गेम नीट पाहिलेला नसतो. आणि गेमला दहापैकी साडेआठ गुण देणाऱ्याने सम साधणं आणि भजन रंगणं एकाच तागडीत टाकलेलं असतं, हेही तितकंच खरं.

ते वेगळं करणं सोपं नाही. गेम घडवणाऱ्या फुमितो उएदाचा 'शॅडो ऑफ द कोलॉसस' (२००५) घ्या. सोळा राक्षस मारायचे, सोबतीला एक घोडा. प्लेस्टेशन २ वर हा गेम सेकंदाला ३० फ्रेमही धड सांभाळत नव्हता. प्रचंड देह हलू लागले की चित्र अडखळायचं. घोडाही पटकन ऐकत नाही, लगाम ओढला तरी स्वतःच्या मनाने वळतो. दोन्ही खटकतात, आणि बरेच जण दोन्हींना एकाच दमात 'कंट्रोल खराब' म्हणून मोकळे होतात. पण फ्रेम गळत होत्या त्या यंत्राची ताकद कमी पडली म्हणून. घोडा मुद्दाम तसा घडवलाय, गाडीसारखा वाटू नये म्हणून. त्या ओसाड मुलखात दुसरं जिवंत कुणी सोबतीला नाही. हा फरक पटत नसेल तर पुढे काय झालं ते बघा. २०१८ मध्ये ब्लूपॉइंट या स्टुडिओने तोच गेम प्लेस्टेशन ४ साठी नव्याने बांधला. त्याच्या जास्त ताकदीच्या 'प्रो' यंत्रावर सेकंदाला ६० फ्रेमची सोय आली. घोड्याचा हट्ट मात्र गेला नाही.