तुम्ही विचारलंत म्हणून: सगळीकडे नॉमिनी आहे, मग मृत्युपत्र कशाला?

वारसाहक्काची कागदपत्रे तयार करून देण्याचे काम करताना मला हा प्रश्न इतक्या वेळा विचारला गेला आहे की, तो पुरा होण्याआधीच उत्तर ओठांवर येते. बँकेतल्या ठेवी, डीमॅट खाते, म्युच्युअल फंड, सोसायटीतील सदनिका या सगळ्यांना नॉमिनी लावलेला असताना आणखी मृत्युपत्राची गरज काय, असे विचारणारी व्यक्ती बहुधा नीटनेटकी, फायली वेळच्या वेळी लावणारी असते. निष्काळजी माणसांना हा प्रश्न पडतच नाही.

नॉमिनीच्या नावाने एवढेच ठरते की, रक्कम कोणाच्या हाती दिली म्हणजे संस्थेची जबाबदारी संपली. ती रक्कम अखेर कोणाची, हे मृत्युपत्र ठरवते आणि ते नसेल तर वारसा कायदा. शेअर्सच्या बाबतीत या मुद्द्यावर बराच काळ वाद चालला. १४ डिसेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनी कायद्याखालील नामनिर्देशन, म्हणजे नॉमिनी नेमणे, वारसा कायद्याला बाजूला सारू शकत नाही, असा निर्णय देऊन तो मिटवला. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थेतही नॉमिनीला मिळते ते तात्पुरते सभासदत्व. आता १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी देऊन त्यांची टक्केवारीही लिहिता येते, त्यामुळे हेच आपले मृत्युपत्र असे वाटणाऱ्यांची संख्या वाढेल, अशी मला धास्ती आहे. विम्याचे थोडे वेगळे आहे. आईवडील, पती किंवा पत्नी अथवा मुले नॉमिनी असतील, तर २०१५ च्या दुरुस्तीने त्यांना लाभाचाच हक्क दिला, म्हणजे रक्कम त्यांचीच. पण त्या तरतुदीचा अर्थ सर्व उच्च न्यायालयांनी सारखा लावलेला नाही.

यावर ठरलेला दुसरा प्रश्न येतो: आमच्यात भांडणे नाहीत, तेव्हा कायद्याने होईल ते होऊ द्या, काय बिघडले? कायद्याने काय होते हे आधी पाहावे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार पुरुष मृत्युपत्र न करता गेला आणि मागे पत्नी, मुलगा, मुलगी व आई असतील, तर चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश वाटा मिळतो. पत्नीला सगळे मिळेल ही सार्वत्रिक समजूत येथे कोसळते, आणि आईचा वाटा ऐकून मुलगे चकित होतात; वडील पहिल्या वर्गात, म्हणजे आधी वाटा मिळणाऱ्या वारसांत नाहीत, हे तर वडिलांनाही ठाऊक नसते. मुले अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील असतील, तर त्यांच्या वाट्याची स्थावर मालमत्ता आईला न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. सर्वांत अन्यायकारक मला वाटते ती विधवेच्या मालमत्तेची वाट. अपत्य नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून घर घेतले आणि मृत्युपत्र केले नाही, तर ते तिच्या आईवडिलांच्या आधी पतीच्या वारसांकडे जाते. अशा स्त्रीने मृत्युपत्र करणे उद्यावर टाकू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

व्यवसाय असणाऱ्यांची गोष्ट आणखी नाजूक असते, कारण एकल मालकीच्या धंद्याला मालकाहून वेगळे असे कायदेशीर अस्तित्वच नसते. भागीदारी संस्था करारात वेगळे ठरलेले नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने विसर्जित होते, आणि भागीदार दोनच असतील तर करारही तिला वाचवू शकत नाही, कारण एकट्याची भागीदारी नसते. मागे उरलेल्याने हिशोब न मिटवता धंदा पुढे चालवला, तर वारसांना त्या वाट्यापुरता नफा किंवा वर्षाला ६ टक्के व्याज मागता येते. हे वर्षानुवर्षे चिघळते. म्हणून वाट्याची किंमत कशी ठरवायची आणि किती हप्त्यांत द्यायची, हे दोघेही धडधाकट असतानाच करारात लिहावे. धंद्याच्या कर्जाची झळ घराला लागू नये म्हणून विवाहित पुरुषाला १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली पत्नी व मुलांसाठी विमा घेता येतो. तो प्रस्तावाच्या वेळीच तसा घ्यावा लागतो आणि सावकारांना चुकवण्यासाठी घेतलेला नसेल तर त्यांचा हात त्या रकमेपर्यंत पोचत नाही. एवढी उपयुक्त तरतूद इतकी कमी वापरली जाते, याचे मला आश्चर्य वाटते.

त्या मानाने मृत्युपत्राचा कागद फारच साधा असतो. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक असते. करणाऱ्याची सही आणि ती होताना पाहणारे किंवा सही आपलीच असल्याची कबुली त्याच्याकडून ऐकणारे दोन साक्षीदार पुरेसे होतात. त्यांनी मजकूर वाचण्याची गरज नसते, मात्र ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीला घेऊ नये. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीविना एक तृतीयांशाहून अधिक देता येत नाही, तेव्हा तेथे मसुदा वेगळा करावा लागतो.

मूळ प्रत कोठे ठेवावी, हे मला एकदा एका अशिलाने विचारले आणि उत्तर देता देता माझ्या लक्षात आले की, माझे स्वतःचे मृत्युपत्र माझ्या एकट्याच्या नावाच्या लॉकरमध्ये आहे आणि किल्ली कोठे असते हे घरात कोणालाच माहीत नाही. ते आता कपाटाच्या वरच्या खणात आहे, आणि तो खण माझ्या एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीला, मी उघडून दाखवला आहे.