अधांतरी फायरप्लेस

पडक्या वास्तूंच्या प्रतिकृती मी संगणकावर उभ्या करतो. मध्ययुगीन किल्ल्याच्या पडक्या वाड्यात शिरले की माझी नजर सर्वांत आधी शोधते ती भिंतीत दोन पुरुष उंचीवर अधांतरी राहिलेली फायरप्लेस. तिच्यापुढची लाकडी जमीन कधीच कुजून पडलेली असते. पण तिच्या तळाच्या रेषेत दोन्ही बाजूंना चौकोनी खोबणींची एक रांग टिकून असते. तुळयांची टोके याच खोबणींत बसवलेली असत. त्यांची उंची आणि त्यांच्यातले अंतर मोजले की नाहीशा झालेल्या मजल्याची पातळी कळते आणि तुळया किती जाड असतील याचाही अदमास येतो. भिंतभर ठरावीक अंतराने दिसणारी लहान भोके मात्र वेगळी. ती गवंड्यांनी परांचीची आडवी लाकडे खोवण्यासाठी ठेवलेली असतात. या दोहोंची गल्लत झाली तर संगणकावर उभ्या राहणाऱ्या वाड्यात नसलेला मजला येऊन बसतो. माझ्या पहिल्या त्रिमितीय प्रतिकृतीत माझ्या हातून नेमकी हीच चूक झाली, आणि ती लक्षात येईपर्यंत त्या मजल्यावर दारे-खिडक्याही चढल्या होत्या.

चूक दुरुस्त करता आली, कारण मूळ छायाचित्रे जपून ठेवलेली होती. छायाचित्रांवरून मोजमाप काढण्याच्या पद्धतीला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. एकच दगड वेगवेगळ्या जागांवरून टिपलेल्या अनेक चित्रांत ओळखून संगणक त्याचे अवकाशातले स्थान ठरवतो. म्हणून शेजारशेजारच्या दोन चित्रांत निम्म्याहून बराच अधिक भाग सामाईक असावा लागतो. ढगाळ दिवस या कामाला उत्तम, कारण उन्हाच्या सावल्या सरकत राहतात आणि प्रतिकृतीत डाग बनून उरतात. वेली वाऱ्याने हलतात, त्यामुळे त्यांच्यामागची भिंत धूसर होते. लेझर स्कॅनर मिलिमीटरपर्यंतची अचूकता देतो, पण त्यालाही समोर दिसते तेवढेच मोजता येते. गोल जिन्यात तो दर काही पायऱ्यांवर नव्याने मांडावा लागतो.

या पद्धतीचा उगमच एका जुन्या वास्तूच्या मोजणीत आहे, हे मला फार मोलाचे वाटते. १८५८ मध्ये आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा तरुण जर्मन वास्तुविशारद वेट्झलारच्या कॅथेड्रलची मापे घेताना उंचावरून पडता पडता वाचला आणि भिंतीवर चढण्याऐवजी तिच्या छायाचित्रावरच मापे घ्यावीत, हा विचार त्याने पुढे आयुष्यभर लावून धरला. १८८५ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली प्रशियात अशा नोंदींसाठी स्वतंत्र सरकारी संस्था उभी राहिली.

नोंदीचे महत्त्व कोणाला पटवायचे असेल तर मी फ्रान्समधल्या कूसीच्या किल्ल्याचे उदाहरण देतो. आंगेरां तिसरा या सरदाराने तेराव्या शतकात उभारलेला तिथला मुख्य मनोरा सुमारे ५४ मीटर उंच होता. पहिल्या महायुद्धात, मार्च १९१७ मध्ये, माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो सुरुंग लावून उडवला. आज तिथे दगडांचा ढीग आहे. पण एकोणिसाव्या शतकात व्हिओले-ल-द्युक या वास्तुविशारदाने त्या मनोऱ्याचा बारकाईने अभ्यास करून आराखडे आणि छेदचित्रे काढली होती, शिवाय स्फोटापूर्वीची छायाचित्रेही आहेत. मनोरा पडद्यावर पुन्हा उभा करायचा तर याच कागदांचा आधार घ्यावा लागतो.

याच व्हिओले-ल-द्युकने पिएरफोंच्या पडक्या किल्ल्याचा फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याच्यासाठी जीर्णोद्धार केला. तो देखणा आहे, पण त्यात मध्ययुग कुठे संपते आणि एकोणिसाव्या शतकाची कल्पना कुठे सुरू होते, हे सामान्य पाहुण्याला उमगत नाही. जिथे तर्क सुरू होतो तिथे जीर्णोद्धाराने थांबावे, असे जुन्या वास्तूंच्या जतनाची आंतरराष्ट्रीय तत्त्वे सांगणाऱ्या १९६४ च्या व्हेनिस सनदेने म्हणूनच बजावले. संगणकावरच्या पुनरुज्जीवनाचा मोठा लाभ मला इथे दिसतो: प्रत्यक्ष दगडाला धक्का न लावता तर्क मांडता येतो, बदलता येतो, पुसताही येतो. मात्र हीच सोय धोक्याचीही आहे. गुळगुळीत रंगवलेले छत आणि खरोखर मोजलेली भिंत पडद्यावर सारखीच खात्रीची दिसतात, आणि पाहणारा दोन्हींवर सारखाच विश्वास ठेवतो. कोणता भाग कोणत्या पुराव्यावर उभा केला याची नोंद प्रतिकृतीसोबतच द्यावी, असा आग्रह वारशाच्या संगणकीय प्रतिकृतींसाठी तत्त्वे घालून देणाऱ्या २००६ च्या लंडन सनदेने धरला, तो मला अत्यंत रास्त वाटतो.

त्यानुसार मी आता रंगांची एक साधी शिस्त पाळतो. मोजलेला दगड त्याच्या मूळ रंगात राहतो. खोबणी, भिंतीवर उमटलेल्या छताच्या उताराच्या खुणा किंवा जुनी चित्रे यांच्या आधाराने उभा केलेला भाग फिकट पिवळा असतो, आणि समकालीन इतर किल्ल्यांवरून केवळ अंदाजाने घेतलेला भाग राखाडी. शिवाय प्रत्येक पिवळ्या भागापाशी त्याच्या आधाराचे छायाचित्र जोडलेले असते. अशी प्रतिकृती प्रथमदर्शनी कमी आकर्षक दिसते, हे मान्य; परंतु दिवाणखान्याच्या वरचे छत राखाडी का, असा प्रश्न एखाद्याने विचारला की मला मनापासून आनंद होतो.

त्या फायरप्लेससमोरची जमीन आता पिवळी आहे. खोबणींची रांग अकराव्या खोबणीपाशी तुटते, कारण तिथून पुढची भिंतच ढासळली आहे. तिथपासून ती जमीन मी राखाडी ठेवली आहे, आणि ढासळलेल्या दगडांत खोबण असलेला एखादा दगड सापडतो का, हे सध्या एकेका छायाचित्रात शोधतो आहे.